भुरीचं म्हातारपण, चिमीचं म्हातारपण

आमच्या लहानपणी म्हातारं मांजर क्वचितच दिसायचं. मांजरं काही कमी नव्हती. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी एखादं तरी असायचंच, पण म्हातारी होईपर्यंत टिकणारी विरळाच. वर्षातून दोनदा विणारी मांजरी चार-पाच वर्षांत झिजून जायची. बोके एकमेकांना फाडून काढायचे आणि त्या जखमा चिघळायच्या. कुणाला कुत्री धरायची, तर कुणी औषध घालून मारलेला उंदीर खाऊन मरायचं. एखाद्या पावसाळ्यात साथ यायची आणि गल्लीतली सगळी पिल्लं आठवड्याभरात नाहीशी व्हायची. त्या साथीवर आज लस आहे. तेव्हा तिला नावही नव्हतं. ‘पिल्लं लागली नाहीत’ एवढंच बायका म्हणायच्या.

आज नगरच्या सावेडी भागात, जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं तरी आम्ही अजून नगरच म्हणतो, आमच्या ओळखीत बारा वर्षांची, चौदा वर्षांची मांजरं आहेत. शस्त्रक्रिया झालेली, लसी घेतलेली, दोन वेळ पोटभर खाणारी. मांजराची पहिली दोन वर्षं माणसाच्या चोविसाच्या बरोबरीची धरतात आणि पुढचं प्रत्येक वर्ष चाराचं. त्या हिशेबानं चौदा वर्षांचं मांजर म्हणजे बहात्तर वर्षांचं माणूस. आपल्या घरांना मांजराचं म्हातारपण नवीन आहे. म्हणूनच ते आलं की माणसं गोंधळतात. इतकी वर्षं शहाण्यासारखं वागलेलं जनावर एकदम असं का करायला लागलं, हे त्यांना कळेनासं होतं.

माझ्या आयुष्यात दोन मांजरं म्हातारी झाली. एक आजीची भुरी, सत्तरच्या दशकात. दुसरी चिमी, आता. मधल्या पन्नास वर्षांत काय बदललं, ते या दोघींकडे पाहिलं की मला नेमकं दिसतं.

आमचं घर माळवदाचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सर आणि त्यावर पांढऱ्या मातीचं सपाट धाबं. उजेड यावा, चुलीचा धूर जावा म्हणून धाब्याला सवणं ठेवलेलं. मांजरांचा खरा दरवाजा तोच. गल्लीतली सगळी धाबी एकमेकांना लागून असल्यामुळे मांजराला जमिनीवर पाय न टेकता अर्धं गाव फिरून येता यायचं. संध्याकाळी भुरी सवण्यातून डोकवायची, तिथून उतरंडीच्या शेजारच्या फळीवर आणि तिथून खाली. दुधाचं शिंकं आजीनं मुद्दाम त्या वाटेपासून लांब टांगलं होतं.

तिचं घरातलं काम ठरलेलं होतं. आतल्या अंधाऱ्या खोलीत ज्वारीच्या कणग्या होत्या, भिंतीत बळद होतं. उंदीर लागला तर वर्षाची भाकरी जायची. त्यामुळे मांजराला आमच्या घरात मान होता, पण ताट नव्हतं. सकाळी ताकात कुस्करलेला भाकरीचा तुकडा, सणाला दूध आणि बाकीचं तिचं तिनं बघायचं. 1972 च्या दुष्काळात कणग्या रिकाम्या झाल्या, तसे उंदीरही गेले. माणसं खडी फोडायला जात होती, घरात मिलोची तांबडी भाकरी होती आणि पोरांना सुकडी मिळत होती. त्या वर्षी गावातली कितीतरी मांजरं दिसेनाशी झाली. भुरी राहिली, कारण आजी आपल्या भाकरीतला तुकडा तिला मोडून द्यायची. दुष्काळात जनावराला आपल्यातलं देणं म्हणजे काय, हे ज्यांनी ते वर्ष पाहिलंय त्यांनाच कळेल.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी भुरी बदलली.

तिला सतत भूक लागायची. ताकभाकरी संपवून पुन्हा चुलीशी यायची आणि तरी दिवसेंदिवस वाळत चालली होती. पाठीचा कणा हाताला लागायचा. अंगावरचे केस एरवी चकचकीत, ते विस्कटून गुठळ्या झाले. सवण्यातून उतरणं तिनं सोडलं. दारातून यायला लागली, तेही उंबऱ्यावर क्षणभर थांबून. रात्री सगळी निजानीज झाली की ओसरीत उभी राहून लांब सूर काढायची. माजावर आलेल्या मांजरीचं ओरडणं आम्हाला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. हाक मारल्यासारखं होतं आणि हाक कुणाला, ते समजत नव्हतं.

गल्लीला ते सहन होईना. रात्री मांजर रडणं अशुभ, हा आपल्याकडचा जुना समज. शेजारच्या एक आत्याबाई दोन-तीनदा येऊन आजीला सांगून गेल्या, “तिला पोत्यात घालून नदीपल्याड सोडून या. म्हातारं माणूस हाये तुमच्या घरात.” म्हातारं माणूस म्हणजे माझे पणजोबा, बाजेवर पडून असलेले.

आजीनं मांजर सोडलं नाही. एका दुपारी भुरी चुलीजवळ पाठ करून बसली असताना तिनं मागून पितळी परातीवर उलथणं आपटलं. आम्ही पोरं दचकलो, भुरीचा कानही हलला नाही. आजी म्हणाली, “तिला ऐकू येईना आता. आपलंच वरडणं आपल्याला कळंना, म्हून एवढ्या मोठ्यानं वरडती. अंधारात तिला कुणी दिसंना म्हंजी भ्या वाटतं.” नंतर तिनं दोन गोष्टी केल्या. ओसरीत रात्री बारीक वात ठेवायला सुरुवात केली आणि उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सपाट दगड टाकला. भुरी त्या दगडावरून हळूहळू चढायची-उतरायची. थंडीत वैलाजवळच्या कोमट राखेत निजायची, तिथून तिला कुणी उठवायचं नाही असा आजीचा हुकूम होता. भाकरीही आता ताकात जास्त वेळ भिजवून, बोटांनी लगदा करून मिळायची, कारण तिचे दात पडले होते.

आजी शाळेत गेलेली नव्हती. पण आज म्हाताऱ्या मांजराची काळजी घ्यायला पशुवैद्य जे सांगतात, ते बहुतेक तिनं केलं होतं. चढायला पायरी, रात्री मंद उजेड, ऊब, मऊ अन्न आणि त्याच्या झोपेची जागा न हलवणं. तिला हे सुचलं, कारण ती बघत होती. दिवसभर त्याच घरात, त्याच चुलीपुढं बसणाऱ्या बाईला मांजराच्या चालीतला फरक पहिल्याच दिवशी दिसत असणार.

जनावरांचा डॉक्टर गावात यायचा. सायकलवर, फऱ्या आणि घटसर्पाच्या लसी घेऊन. बैलाच्या खुरीत किडे पडले, गाय अडली की त्याला निरोप जायचा. मांजर दाखवायचं कुणाच्या मनातही आलं नाही आणि आलं असतं तरी त्या डॉक्टराकडे मांजरासाठी काही नव्हतं. आपला जिल्हा जनावरांच्या शास्त्रात मागे नव्हता. राहुरीला 1968 साली कृषी विद्यापीठ झालं आणि पुढं तिथंच गीर, जर्सी आणि होल्स्टिन यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार झाली. संगमनेर, कोपरगाव, राहाता इथल्या दुधानं घरं उभी केली. हे सगळं ज्ञान दूध देणाऱ्या आणि नांगर ओढणाऱ्या जनावराभोवती उभं राहिलं, आणि पोटापाण्याच्या त्या काळात ते साहजिकच होतं. मुंबईत परळला 1883 पासून जनावरांचं मोठं इस्पितळ आहे, पण शेवगावहून कुणी मांजर घेऊन परळला जाणार नव्हतं.

भुरीची लक्षणं आठवली की मला वाटतं, तिची गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाढलेली असावी. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार पुष्कळ दिसतो. ग्रंथीवर साधी, बहुधा कर्करोग नसलेली गाठ येते, तिचा रस जास्त पाझरतो आणि शरीराची भट्टी अहोरात्र पेटती राहते. भूक वाढते आणि वजन घटतं. छाती धडधडते, जीव एका जागी ठरत नाही, रात्री ओरडणं सुरू होतं. आज एका रक्ततपासणीत हे कळतं आणि रोजच्या गोळीनं आटोक्यात राहतं. पण मांजरांतला हा आजार न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी पहिल्यांदा नीट मांडला तो 1979 साली. भुरी त्याआधीच गेली होती. म्हणजे आजीनं तिला जगातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्यात नेलं असतं, तरी तिच्या दुखण्याचं नाव तिथंही कुणाला सांगता आलं नसतं. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा मनाशी घोकते. आपल्या माणसांनी हयगय केली, असं त्या काळाबद्दल म्हणवत नाही.

भुरी मार्गशीर्षातल्या एका रात्री बाहेर गेली आणि परतली नाही. मांजर मरायला घर सोडून जातं, असं सगळ्यांनी सांगितलं. हेही मी अनेक वर्षं खरं मानत आले. दुखणाईत मांजर आडोसा शोधतं, हे खरंच आहे. अशक्त झालेल्या जनावराला उघड्यावर पडणं धोक्याचं वाटतं आणि ते कडब्याच्या गंजीत, पडक्या भिंतीमागं शिरतं. पण आजारी म्हणून लपलेल्या मांजराला तिथून परत यायचं बळ राहत नाही. किंवा ऐकू न येणाऱ्या, हळू चालणाऱ्या मांजराला बाहेर कुणीतरी गाठतं. आमच्या भागात तेव्हा लांडगे, कोल्हे आणि वेशीवरची कुत्री होती. आता उसामुळं बिबट्या जिल्हाभर पसरलाय. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. 2014 साली तो छापून आला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा गावकुत्र्यांचा निघाला आणि त्याखालोखाल पाळीव मांजरांचा. ‘घर सोडून गेली’ म्हणून आपण ज्या मांजरांबद्दल मनाची समजूत काढतो, त्यांतल्या किती जणी अशा गेल्या असतील, याचा विचार करवत नाही.

जुन्या समजुतींबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण त्या सरसकट वाईट नव्हत्या. मूल जन्मल्यावर पाचवीला किंवा सहाव्या रात्री जिची पूजा होते ती सटवाई म्हणजेच षष्ठी आणि मांजर हे षष्ठीचं वाहन. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सोन्याचं मांजर कुणाला परवडणार? त्या भीतीनं कितीतरी मांजरं वाचली. पण त्याच गल्लीत रात्री रडणाऱ्या मांजराला पोत्यात घालून नदीपल्याड सोडण्याचा सल्ला मिळायचा. मारायचं पाप नको आणि घरात ते रडणंही नको. पोत्यातून गेलेल्या म्हाताऱ्या मांजराचं पुढं काय व्हायचं, ते सांगायला कुणी येत नसे.

आता चिमीबद्दल.

ती सापडली दिल्ली दरवाजाजवळच्या एका गल्लीत, पावसात भिजलेलं पिल्लू असताना. आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये वाढली. उंदीर तिनं कधी पाहिला नाही, म्हटलं तरी चालेल. सकाळी माणसं कामाला गेली की संध्याकाळपर्यंत एकटी. खिडकीची जाळी, समोरचा गुलमोहोर, त्यावरचे साळुंक्यांचे कज्जे एवढं तिचं जग. या जगात ती तेरा वर्षं अगदी ठरलेल्या पद्धतीनं जगली. चौदाव्या वर्षी सगळं बदलू लागलं.

आधी पाणी. तिच्या वाडग्यातलं पाणी भराभर संपायला लागलं आणि तेवढ्यानं न भागून ती न्हाणीघरातल्या बादलीच्या काठावर पाय ठेवून पाणी प्यायची. मग वाळूची पेटी. लघवीची ढेकळं दुप्पट मोठी होऊ लागली आणि अधूनमधून ती पेटीच्या बाहेर, पायपुसण्यावर करू लागली. खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारण्याआधी ती खाली बसून अंदाज घेत राहायची आणि कधीकधी न मारताच परतायची. पुढं एक दिवस ती टेबलाच्या पायाला धडकली. डोळ्यांच्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्याच राहिल्या होत्या. आणि पहाटे तीनच्या सुमाराला तोच सूर, जो मी पन्नास वर्षांपूर्वी ओसरीत ऐकला होता.

इमारतीतही तीच कुजबुज झाली. रात्री मांजर रडतंय, बरं नाही, असं एक काकू लिफ्टमध्ये अगदी काळजीनं बोलल्या. पन्नास वर्षांत माळवदाचं घर जाऊन लिफ्ट आली, तरी रडणाऱ्या मांजराबद्दलची भीती तशीच होती. बदल एवढाच की आता पोत्याऐवजी पिंजरा होता आणि रिक्षानं दहा मिनिटांवर दवाखाना.

डॉक्टर तरुण मुलगी होती, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. तिनं चिमीला आधी टेबलावर तसंच बसू दिलं, अंगाला हात लावण्यापूर्वी बराच वेळ नुसतं पाहिलं. मला ते फार आवडलं. वजन केलं, पुढच्या पायाला लहान बाळाच्या मनगटाएवढा पट्टा बांधून रक्तदाब मोजला, डोळ्यांत दिव्यानं पाहिलं, रक्त आणि लघवी तपासायला घेतली. मग म्हणाली, “मावशी, ही रात्री ओरडते त्याचं कारण बहुतेक तिचा रक्तदाब आहे. आणि रक्तदाब वाढला तो मूत्रपिंडांमुळं असावा.” तपासणीत तेच निघालं.

मूत्रपिंडाचा जुनाट विकार हा म्हाताऱ्या मांजरांचा नेहमीचा आजार आहे. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. पाणी कमी असल्यामुळे लघवी घट्ट करून शरीरातलं पाणी वाचवण्याची मोठी ताकद त्यांच्या मूत्रपिंडात आहे. वयानं ती ताकद ओसरते. लघवी पातळ आणि भरपूर होते, तेवढं पाणी भरून काढायला मांजर बादलीकडे धावतं. आपण मात्र म्हणतो, ‘उन्हाळा आहे म्हणून पीत असेल.’ रक्तातलं क्रिएटिनीन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं पाऊण काम थांबलेलं असतं. त्यामुळे वाडगं लवकर रिकामं होणं ही पहिली खूण फार मोलाची. चार किलोचं मांजर दिवसाला पाव लिटरहून जास्त पाणी प्यायला लागलं, तर थांबून विचार करायला हवा.

या विकारात रक्तदाब चढतो आणि चढलेला रक्तदाब डोळे आणि मेंदू यांना मारतो. डोळ्यामागचा पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. चिमीचा पडदा एका डोळ्यात थोडा सुटलेला होता. रक्तदाबाची गोळी सुरू झाली. माणसांच्या रक्तदाबाला देतात तेच अॅम्लोडिपीन, पण तिच्या वजनाच्या मापानं अगदी थोडं. काही दिवसांत पहाटेचा सूर थांबला. रडण्यात अशुभ काही नव्हतं. तिचं डोकं दुखत असणार, अंधुक दिसत असणार आणि सांगायला तिच्याकडे तेवढाच एक आवाज होता.

सांध्यांचं दुखणंही होतंच. 2002 साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यांतल्या 90 जणांच्या हाडांत सांधे झिजल्याच्या खुणा होत्या. मांजर कुत्र्यासारखं लंगडत नाही. ते फक्त उड्या मारणं कमी करतं, अंग चाटणं कमी करतं, म्हणून केस विस्कटतात. वाळूच्या पेटीचा काठ उंच वाटतो म्हणून बाहेर करतं. आपण त्याला आळशी म्हणतो, चिडखोर म्हणतो, घाण म्हणतो. आमच्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर चिमीचे मागचे पाय घसरत होते. गावच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर भुरीला तो त्रास कधी झाला नसणार. आता चिमीच्या वाटेवर मी जुन्या सुती चटया टाकल्यात, पेटीचा एक काठ कापून खाली आणलाय आणि खिडकीच्या कट्ट्याला लागून एक पाट ठेवलाय. आजीच्या दगडाचंच हे नवं रूप.

खाण्याचं थोडं सांगते, कारण आपल्याकडे मांजर म्हणजे दूधपोळी हे समीकरण पक्कं आहे. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही. त्याहून मोठी गोष्ट टॉरिनची. हे द्रव्य मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातून मिळावं लागतं. दुधातल्या प्रथिनांवर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे 1975 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. टॉरिन कमी पडलं की हृदय सैल पडतं, हे 1987 साली कॅलिफोर्नियात सिद्ध झालं. भुरीला ताकभाकरीच मिळायची, पण तिचं खरं जेवण कणगीमागं होतं. उंदरातून तिला सगळं मिळत होतं. घरातून कणगी गेली, उंदीर गेले आणि आपण वाडग्यात दूधपोळीच घालत राहिलो. फ्लॅटमधल्या मांजराला ती पुरत नाही.

आणि शेवटी बुद्धीचं. माणसासारखा मांजराचा मेंदूही थकतो. परदेशातल्या एका पाहणीत अकरा ते चौदा वर्षांच्या मांजरांत 28 टक्के, तर पंधरा वर्षांवरच्या मांजरांत निम्म्याच्या आसपास मांजरांत म्हातारपणीचा एखादा तरी वागण्यातला बदल आढळला. घरातच वाट चुकणं, भिंतीकडे तोंड करून बसणं, खाल्लेलं विसरून पुन्हा मागणं, दिवसा झोप आणि रात्री येरझाऱ्या, माणसाला एकदम चिकटून राहणं किंवा एकदम परकं होणं. याला औषधाचा फार आधार नाही. पण डॉक्टरीण म्हणाली ते मला पटलं. मेंदूवर बोट ठेवण्याआधी रक्तदाब, थायरॉइड, मूत्रपिंडं, साखर, दात, सांधे आणि कान हे सगळं बघून घ्यायचं. कारण ‘म्हातारी झाली, आता असंच’ म्हणून सोडून दिलेल्या मांजरांत अनेकांना बरं होण्याजोगं दुखणं असतं.

बघणं हा शब्द मी मघापासून वापरतेय. या जिल्ह्यात जनावराकडे पाहण्याचं एक मोठं उदाहरण आहे आणि ते तुरुंगातलं आहे. नगरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 च्या ऑगस्टपासून काँग्रेसचे नेते कैदेत होते. नेहरूंनी तिथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली आणि त्यांतलं एक मोठं लिखाण त्यांच्या कोठडीत घरटी करणाऱ्या चिमण्यांवर आहे. आधी चिमण्यांचा त्रास, मग मैत्री आणि मग एकेका चिमणीचा स्वभाव ओळखून ठेवलेलं नाव. एवढं पाहता आलं, कारण ते एका जागी बसून होते. आजीही चुलीपुढं बसून होती.

आज आपल्याकडे बसणं नाही, पण मोजमाप आहे. माँट्रियलच्या विद्यापीठानं 2019 साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पट्टी तयार केली. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे अर्धवट मिटलेले, तोंडाचा भाग ताणलेला, मिशा ताठ, डोकं खांद्याखाली झुकलेलं, या पाच खुणांना गुण देऊन दुखणं किती ते ठरवतात. आजीला हे वाचून दाखवलं असतं तर तिनं मान डोलावली असती. ती भुरीच्या मिशा बघूनच सांगायची, आज हिला बरं नाही.

मला त्या काळात परत जायचं नाही. भुरीला रोज लागणारी गोळी त्या काळात नव्हती आणि आजीची सगळी माया मिळूनही ती उपाशी असल्यासारखी झिजत गेली. पण त्या काळातली एक गोष्ट आज कमी झाली आहे, याचं मला मनापासून दुःख होतं. घरात दिवसभर कुणीतरी असायचं. दिवाळी झाली की पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडीची माणसं आजही सहा-सहा महिने कारखान्यांवर जातात आणि गावात म्हातारी माणसं आणि मांजरं मागं राहतात. त्या मागं राहिलेल्या आज्या आजही कुणाच्या मांजराला काय होतंय ते सांगू शकतात. शहरात मात्र चौदा वर्षांचं मांजर दिवसभर बंद घरात एकटं असतं आणि त्याचं बदललेलं वागणं आपल्या लक्षात येतं ते पायपुसणं ओलं झाल्यावर.

म्हणून ज्यांच्या घरात दहा वर्षांपुढचं मांजर आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. महिन्यातून एकदा त्याचं वजन करा. आधी स्वतः काट्यावर उभं राहा, मग मांजर घेऊन. चार किलोतले चारशे ग्रॅम म्हणजे दहावा हिस्सा, तेवढं घटलं तर वाट बघू नका. वर्षातून दोनदा रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. दिसेनासं झालं, बाहुल्या मोठ्या राहिल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, कारण पडदा वाचवायला हाताशी थोडाच वेळ असतो. ताप-दुखीच्या माणसांच्या गोळ्या मनानं देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घ्यायला पुरते, कारण ते औषध पचवण्याची सोय त्याच्या यकृतात नाही. गावाकडे असाल तर जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाईबरोबर मांजरही दाखवा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. आणि ते रात्री रडायला लागलं, तर त्याला घराबाहेर घालू नका.